नव्या एकांकिकेसमोर बसताना

आजचा विषय आहे नव्या लेखकांच्या एकांकिका आणि त्यांचा आस्वाद. आपल्याकडे विद्यापीठाचा 'युवारंग' असतो, पुरुषोत्तम करंडकाचे जळगाव केंद्र असते. त्यासाठी विशी-बाविशीतली मुलेमुली एखाद्या वर्गातली बाके भिंतीला लावून रात्री उशिरापर्यंत तालमी करतात. आपण प्रयोगाला जातो, टाळ्या वाजवतो आणि बाहेर आल्यावर एकच वाक्य बोलतो: 'चांगली होती', नाहीतर 'काही जमली नाही'. हे वाक्य इतके तोकडे का पडते आणि त्याच्या जागी काय बोलता येईल, एवढाच आज आपला प्रश्न आहे.

प्रश्न लहान वाटेल. पण 2022 साल आठवा. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासून चालू आहे. त्या वर्षी पुण्याच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी ठरवले की करंडकाला पात्र अशी एकांकिका नाही, आणि करंडक कुणालाच दिला गेला नाही. स्पर्धेच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. मग दोन तट पडले. एक म्हणे, दर्जा राखायचा तर असेच करायला हवे. दुसरा म्हणे, मुलांचा हुरूप मोडला. दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. पण त्या एकांकिकांमध्ये काय होते आणि काय नव्हते, याची चर्चा मात्र त्या मानाने थोडीच झाली. आमच्या मते खरी उणीव ती होती. निकालावर बोलायला आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत. कृतीवर बोलायला कमी पडतात.

आता स्पर्धा ही काही आजची गोष्ट नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यमंडळ्यांमध्ये चुरस लागते, विजेत्याला पताका दिली जाते आणि त्यासाठी परीक्षकही नेमलेले असतात. त्यांना भरत 'प्राश्निक' म्हणतो. हे प्राश्निक कोण? यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. म्हणजे धनुष्य नीट धरले की नाही ते धनुर्धराने सांगायचे, राजाचा आब साधला की नाही ते राजाने. सगळे गुण एकाच माणसात सापडणार नाहीत, हे भरताने मोकळेपणाने मान्य केले आहे. यातून आपण एवढे घेऊ की परीक्षकाचे काम वेगळे आणि रसिकाचे वेगळे. परीक्षकाला क्रम लावावाच लागतो. आपल्यावर ती सक्ती नाही. तरी आपण खुर्चीत बसल्या बसल्या मनात गुण द्यायला लागतो! ही सवय आधी सोडायला हवी.

भरताची आणखी एक गोष्ट फार उपयोगाची आहे. प्रयोगाचे यश तो दोन प्रकारचे मानतो. हसू, वाहवा, हळहळ, टाळ्या ही मानुषी सिद्धी. आणि सभागृह गच्च भरलेले असूनही आवाज नाही, चुळबुळ नाही, ती दैवी सिद्धी. आपल्या स्पर्धांमध्ये 'अरे आव्वाज कुणाचा?' ही आरोळी उठते. तरुणांचा उत्साह आहे, असायलाच हवा. पण पडदा उघडल्यावरही ती आरोळी आपल्या डोक्यात चालू राहिली तर दुसऱ्या सिद्धीला जागा उरत नाही.

इथे अभिनवगुप्त मदतीला येतो. काश्मीरचा हा तत्त्वज्ञ सुमारे हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. नाट्यशास्त्रावरच्या टीकेत त्याने रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतली काही मंचावर असतात आणि काही आपल्या खुर्चीत. नव्या लेखकाच्या बाबतीत ही वाटणी लक्षात ठेवणे फार गरजेचे आहे.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक एकांकिका घेऊ. समजा, रावेरकडच्या एका विद्यार्थिनीने ती लिहिली आहे आणि नाव ठेवले आहे 'पंचनामा'. वादळाने केळीची बाग आडवी झाली आहे. घरात बाप, मुलगा आणि सून तलाठ्याची वाट पाहत बसले आहेत. बापाने पहाटे जाऊन पडलेली खोडे मोजली आहेत. दर शंभराला सुतळीला एक गाठ. मुलगा म्हणतो, आकडा वाढवून सांगू, नाहीतरी हातात काय पडणार आहे? बाप ऐकत नाही. तलाठी येतो, चहा होतो. तो आकडा विचारतो. बाप गप्प. मुलगा वाढीव आकडा सांगून टाकतो. बाप ती गाठींची सुतळी तलाठ्यापुढे ठेवतो आणि आत निघून जातो. मग अंधार होतो, मुलगा प्रकाशझोतात पुढे येतो आणि शेतकऱ्याच्या दैन्यावर चार मिनिटे भाषण करतो. पडदा.

आता विघ्ने लावून पाहू. पहिले म्हणजे दाखवलेली गोष्ट मनाला शक्यच न वाटणे. अभिनवगुप्त म्हणतो, यावर उपाय म्हणजे प्रख्यात नायक. रामाने समुद्रावर सेतू बांधला म्हटले की आपण मानतो, कारण राम आपल्या ओळखीचा आहे. नव्या लेखिकेकडे हे भांडवल नसते. तिच्या बापाला कुणी ओळखत नाही. पहिल्या दहा मिनिटांत तिला आपला विश्वास कमवावा लागतो. म्हणून त्या दहा मिनिटांत आपण नीट बघायला हवे: ती विश्वास कशाने कमवते? सुतळीच्या गाठींनी. ज्याने असे मोजले तो माणूस खोटा आकडा सांगणार नाही, हे न सांगता आपल्याला कळते.

दुसरे विघ्न पूर्णपणे आपले. समोरचे सुखदुःख 'माझे' किंवा 'त्यांचे' असे शिक्के मारून पाहणे. सरकारी नोकरीतला प्रेक्षक म्हणतो, 'तलाठी असे नसतात हो.' शहरातला म्हणतो, 'हे खेड्यातल्यांचे प्रश्न.' आणि आपल्याकडे तर बोलीचाही शिक्का आहे. लेवा बोलीतले किंवा अहिराणीतले पहिले वाक्य आले की सभागृहात हशा पिकतो. वाक्यात विनोद नसतो. पण ती बोली गड्याच्या नाहीतर खुळ्या पात्राच्या तोंडीच ऐकायची सवय आपल्याला लागलेली असते. आपल्याच आईची भाषा मंचावर आली की आपल्याला हसू येते, हे जरा तपासून पाहावे असे आहे. जळगावच्या 'परिवर्तन' संस्थेचे 'नली' ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की इथल्या बोलीत अख्खे सभागृह गप्प करण्याची ताकद आहे.

तिसरे विघ्नही आपलेच. स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेले असणे. भाचा काम करतोय, आपले कॉलेज आहे, शेवटची बस गाठायची आहे, खिशात मोबाइल थरथरतो आहे. पूर्वी संगीत आणि नांदीचे एक काम हेही असे की प्रेक्षकाला त्याच्या घरगुती काळजीतून उचलून इथे आणायचे. एकांकिकेला तेवढी सवड नसते. ते काम आपले आपणच करून यायचे.

उरलेली चार मंचावरची. चौथे, साधनांचा उणेपणा: शब्द ऐकू न येणे, चेहरा न दिसणे. कॉलेजच्या हॉलमध्ये हे होणारच. त्याचा दोष संहितेच्या खात्यावर लिहू नये. पाचवे, स्पष्टपणा नसणे, म्हणजे गोष्ट डोळ्यांपुढे न घडता नुसती सांगितली जाणे. 'पंचनामा'तले शेवटचे भाषण हे त्याचे उदाहरण. सहावे, मुख्य काय ते न ठरणे. चाळीस मिनिटांत शेती, मोबाइलचे व्यसन, आंतरजातीय प्रेम आणि बेरोजगारी असे सगळे कोंबले की कशालाच पूर्ण माप मिळत नाही. सातवे, संशय. अभिनवगुप्त म्हणतो, डोळ्यांत पाणी आनंदानेही येते आणि डोळ्याच्या रोगानेही. सोबतच्या खुणांवरून ते ठरते. बाप आत निघून गेला तो रागाने, लाजेने की थकून? आधीच्या प्रसंगांनी याचे उत्तर तयार केलेले असले तर मौन बोलते. नसले तर ते नुसते कोडे राहते.

आता दोन प्रतिक्रिया शेजारी ठेवून बघा. एक प्रेक्षक लेखिकेला म्हणतो, 'शेवट जरा लांबला.' दुसरा म्हणतो, 'सुतळी खाली ठेवली तेव्हाच आम्हांला सगळे कळले होते. मग भाषण कशासाठी?' दोष दोघांनी एकच दाखवला. पण पहिल्याने फक्त उणे दाखवले. दुसऱ्याने तिची ताकद कुठे आहे ते दाखवले. पुढची संहिता लिहिताना दुसरे वाक्य तिच्यासोबत राहील. आस्वाद म्हणतात तो हा, आणि तो लेखकाच्या थेट उपयोगी पडतो.

तुम्ही म्हणाल, निकष नको का? हवेत. पण कांटने 1790 च्या ग्रंथात निर्णयशक्तीचे दोन प्रकार सांगितले, ते इथे लागू पडतात. एका प्रकारात नियम हातात असतो आणि समोरची गोष्ट त्याखाली बसवायची असते. तराजूने वांगी मोजावीत तसे. दुसऱ्या प्रकारात गोष्ट हातात असते आणि तिला लागू पडेल असा नियम शोधायचा असतो. नव्या कलाकृतीपुढे आपण या दुसऱ्या जागी असतो. 'एकांकिकेला धक्कादायक शेवट हवा' हा नियम घेऊन बसलो, तर सुतळीवर संपू शकणारी एकांकिका आपल्याला अपुरी वाटणार. मग मुलेही धक्केच लिहायला लागतात. स्पर्धेचा साचा असाच तयार होतो. त्याचा दोष एकट्या मुलांचा नाही. आपल्या टाळ्यांनीही तो घडवलेला असतो.

कुणीतरी नीट वाचले तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्या रंगभूमीतच आहे. 1967 मध्ये 'सत्यकथा' मासिकात नागपूरच्या एका तरुण लेखकाची 'सुलतान' ही एकांकिका छापून आली. लेखक होते महेश एलकुंचवार. विजया मेहता यांचे तिच्याकडे लक्ष गेले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी एलकुंचवारांच्या एकांकिका मंचावर आणल्या. त्याच काळातली त्यांची 'होळी' ही वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांवरची एकांकिका. तिच्यावर केतन मेहतांनी 1984 मध्ये चित्रपट केला. पुढचे 'वाडा चिरेबंदी' आपण सगळे जाणतो. त्या एकांकिका निर्दोष होत्या म्हणून हे घडले असे आम्ही म्हणत नाही. एका मासिकाने छापले, एका दिग्दर्शिकेने त्यात काय धडपड चालली आहे ते ओळखले, एवढे मात्र नक्की. आज आपल्याकडच्या कितीतरी संहिता स्पर्धेच्या एक-दोन प्रयोगांनंतर फायलीत जातात. छापल्या जात नाहीत, पुन्हा वाचल्या जात नाहीत.

याचा अर्थ सरसकट पाठ थोपटावी असा नाही. खोटी स्तुती ही उपेक्षेची सभ्य बहीण आहे. 'छान, असेच लिहीत राहा' म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा लक्ष दिलेले नसते. तेव्हा 2022 च्या निर्णयाबद्दल आमचे मत विचाराल तर ते असे: करंडक न देण्याचा अधिकार परीक्षकांना आहे, आणि तो त्यांनी कधीच वापरू नये असे म्हणणे म्हणजे करंडकाचाच मान कमी करणे. पण ज्या दिवशी करंडक दिला जात नाही त्या दिवशी रसिकांचे काम दुप्पट होते. प्रत्येक एकांकिकेत जिवंत काय होते ते शोधून त्या मुलांना सांगायला हवे. 'नाही' हा शब्द एकटा गेला तर तो दार बंद करतो. कारणे सोबत गेली तर तो शिकवतो.

मग आपण करायचे काय? तीन प्रश्न सोबत ठेवू. ही एकांकिका काय करू पाहते आहे? ते तिला कुठल्या क्षणी साधले? आणि मी कुठे आड आलो? तिसरा प्रश्न विसरू नये. प्रयोग संपल्यावर दहा मिनिटे थांबावे आणि लेखकाला गाठून तो एक क्षण सांगावा. जमल्यास संहिता मागून घ्यावी, चार जणांनी घरी बसून मोठ्याने वाचावी. वर्षाला दोन संहिता वाचल्या तरी खूप झाले.

आमच्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला पांडुरंगाचा रथ निघतो. ओढणारे शेकडो असतात. पण चाकाखाली मोगरी लावणारे थोडे, आणि वळणावर रथ सावरतो तो त्यांच्यामुळे. रथ अडवायला ते मोगरी लावत नाहीत. नव्या लेखकाला ओढणारे त्याचे मित्र असतात. त्याच्या चाकापाशी वाकून बघणारे आपण व्हावे, एवढेच सांगायचे होते.