लोखंडातली खिडकी आणि सरासरीचा घोटाळा

आज एका कोड्यापासून सुरुवात करू. समोर ३० सेंटिमीटर जाड लोखंडी भिंत आहे. हिशोब म्हणतो, दहा लाख न्यूट्रॉनांपैकी एक-दोनच कुठेही न आदळता पार जातील. खरं उत्तर निघतं सुमारे १ लाख ४० हजार! प्रोग्रॅममध्ये बग नाही. चूक आहे डेटा तयार करण्यात.

न्यूट्रॉनला समोरचं अणुकेंद्रक किती 'मोठं' दिसतं, ते म्हणजे क्रॉस सेक्शन. एकक बार्न. गंमत अशी की हे माप न्यूट्रॉनच्या ऊर्जेनुसार बदलतं. लोखंडात २७.७ केईव्हीजवळ ते कित्येक दहा बार्नांवर चढतं, पण त्याच्या अलीकडे, २४ केईव्हीजवळ, एक बार्नच्याही खाली कोसळतं. ही झाली 'खिडकी'. त्या ऊर्जेच्या न्यूट्रॉनला लोखंड जवळजवळ पारदर्शकच!

ईएनडीएफसारख्या फाइलींमध्ये हे सगळं असतं, पण बरंचसं रेझोनन्सच्या पॅरामीटर्सच्या रूपात. लॉस अलामॉसचं एनजॉय हे सॉफ्टवेअर आधी त्यातून पूर्ण वक्र उभा करतं, मग तापमानाचा परिणाम मिसळतं आणि शेवटी ऊर्जेचे गट पाडून प्रत्येक गटाला एकच आकडा देतं. शिल्डिंगसाठी वापरली जाणारी ब्यूगल-९६ लायब्ररी घ्या, तिच्यात न्यूट्रॉनांचे फक्त ४७ गट आहेत.

घोटाळा इथेच होतो. सोयीसाठी गोल आकडे घेऊ. एका गटात अर्ध्या न्यूट्रॉनांना १० बार्न लागू, अर्ध्यांना ०.५. साधी सरासरी ५.२५. ती वापरली की वरचं 'दहा लाखांत एक-दोन' मिळतं. पण १० बार्नवाले आधीच आदळून गेले; ०.५ वाले मात्र निवांत पुढे सरकतात, आणि त्यांतले २८ टक्के थेट पार. म्हणजे एकूण १४ टक्के.

उपाय? भारित सरासरी. जिथे क्रॉस सेक्शन मोठं, तिथे न्यूट्रॉन कमीच उरतात, म्हणून वजनही कमी द्यायचं. याला सेल्फ-शिल्डिंग म्हणतात, आणि बोंडारेंको पद्धत हेच करते. शुद्ध लोखंड धरलं तर आपली सरासरी येते ०.९५ बार्न, आणि उत्तर सुमारे ९ टक्के. पूर्ण बरोबर नाही, पण लाखपटीची चूक दीडपटीवर आली! उरलेली कसर काढायला खिडकीपाशी गट बारीक करायचे, नाहीतर गट न पाडता पूर्ण वक्रच वापरणारं माँटे कार्लो चालवायचं.

आणि हो, लोखंडाच्या जाड भिंतीसाठी केलेलं वजन काँक्रीटमधल्या सळईला जसंच्या तसं लावू नका. तिथे लोखंडाभोवती दुसरे अणूही असतात, वजन बदलतं.

म्हणून तयार लायब्ररी हातात आली की पहिला प्रश्न हा विचारा: सरासरी घेताना वजन कशाचं धरलंय? भिंतीपलीकडे माणसं काम करत असतात, मंडळी.