‘कट्’ आवाज झाला म्हणजे नेमके काय झाले?

बोटे मोडल्यावर येणारा ‘कट्’ आवाज आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या ओळखीचा असतो. मानेला किंवा पाठीला झटका देऊन दुखणे घालवणारे उपचारकही असाच आवाज काढतात. ‘ऐकलंत? सरकलेला मणका जागेवर बसला,’ असे काही जण सांगतात. रुग्णालाही पुष्कळदा बरे वाटते. पण आवाज झाला, आराम पडला, म्हणून सांगितलेले कारणही खरे ठरते का?

झटका देऊन उपचार करण्याच्या एका पद्धतीला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. ‘हाताने केलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव आले. अमेरिकेत आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी १८९५ साली ती सुरू केली. हार्वे लिलार्ड या बहिरेपण आलेल्या कामगाराचा मणका आपण जागेवर बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा पामर यांचा दावा होता. त्यावरून बहुतेक रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत असते, असे त्यांनी मांडले. शरीररचनेचा तक्ता पाहिला तर यातली अडचण लक्षात येते. ऐकण्याची चेता अंतर्कर्णातून थेट मेंदूत जाते. तिची वाट पाठीच्या मणक्यांतून नाही.

मग आवाज कशाचा? सांध्यात दोन हाडांची टोके एका बंद पिशवीत असतात आणि त्यांच्यामध्ये वंगणासारखा द्रव असतो. सांधा ताणला की पिशवीतली जागा वाढते, द्रवावरचा दाब एकदम घटतो आणि द्रवात विरघळलेला वायू बाहेर पडून पोकळी तयार होते. सोडावॉटरची बाटली उघडताच बुडबुडे येतात, तेही दाब कमी झाल्यामुळेच. लंडनमध्ये १९४७ साली बोटांच्या सांध्यांची क्ष-किरण चित्रे घेऊन या पोकळीचा अभ्यास झाला. आवाज बुडबुडा फुटल्याने येतो, असे १९७१ साली लीड्सच्या संशोधकांनी सुचवले. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात एमआरआयने चलत्‌चित्रे घेतली, तेव्हा आवाजानंतरही पोकळी टिकून असल्याचे दिसले. बुडबुडा अर्धवट मिटला तरी असा आवाज येऊ शकतो, असे गणिती प्रारूप २०१८ साली पुढे आले. आवाजाच्या नेमक्या क्षणाबद्दल अजून मतभेद आहेत. पण या सर्व स्पष्टीकरणांत मुख्य पात्र वायूची पोकळी आहे, सरकलेले हाड नव्हे.

याची एक खूण वर्गातही तपासता येईल. ज्यांची बोटे सहज वाजतात, त्यांनी एक बोट मोडावे आणि तेच बोट पुन्हा कधी वाजते याची घड्याळ लावून नोंद करावी. जोर मात्र लावू नये. वायू पुन्हा विरघळायला साधारण २० मिनिटे लागतात.

झटक्याने हाड हलते का, हेही तपासून झाले आहे. १९९८ साली टुलबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्रिकास्थी आणि कटी यांमधील सांध्याची स्थिती उपचाराआधी व नंतर क्ष-किरणांनी अचूक मोजली. ती बदललेली नव्हती.

तरी आराम का पडतो? पहिले कारण म्हणजे काळ. अचानक उद्भवलेली कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआप कमी होते. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. उसण जाते हे खरे. पण ती पायाळू माणसामुळेच गेली, हे त्यावरून सिद्ध होत नाही. दुसरे कारण म्हणजे स्पर्श. कोपर आपटले की आपण ते लगेच चोळतो. चोळण्याच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना काही अंशी अडवतात, असे मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडले. मालिशने स्नायूंना तात्पुरता आराम पडतो, त्यात याचाही वाटा असावा.

म्हणून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे गट पाडून तुलना करावी लागते. जुनाट कंबरदुखीवरील अशा ४७ चाचण्यांचा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. हाताने केलेल्या मणक्यांच्या उपचारांचा गुण व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांइतकाच आढळला. म्हणजे उपचार निव्वळ थोतांड नाही आणि चमत्कारही नाही. बहिरेपणा किंवा दमा बरा करण्याच्या दाव्यांना मात्र असा भक्कम आधार नाही.

शिक्षकांच्या दृष्टीने याला व्यावहारिक महत्त्व आहे. खो-खो खेळताना मुलाचा पाय मुरगळतो आणि ‘ओढून बसवतो’ म्हणत कुणीतरी पुढे येतो. हाड मोडले असेल, तर त्या ओढण्याने रक्तवाहिनी किंवा चेता दुखावू शकते. तेव्हा पाय हलवू नये, चोळू नये. कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा, आधार द्यावा आणि पाय टेकवत नसेल तर डॉक्टरांकडे न्यावे. पाठदुखीबरोबर पायांत बधिरता किंवा अशक्तपणा, लघवीवर ताबा नसणे, ताप, किंवा पडल्याचा मार असेल, तर मालिशची वाट धरू नये. मानेला दिलेल्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी धमनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळ असली, तरी नोंदलेली आहेत.

‘मला बरे वाटले’ हा रुग्णाचा अनुभव आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. ‘मणका बसल्यामुळे बरे वाटले’ हे मात्र अनुमान आहे, आणि अनुमानाला पुरावा मागावाच लागतो. हा फरक मुलांना बोटांच्या ‘कट्’ आवाजावरूनही शिकवता येईल.