कोण कुणाबरोबर लिहितं?

मी खारघरला राहते आणि ग्रंथालयात काम करते. इथल्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेचा शोधनिबंध हाती आला, की मी आधी लेखकांची यादी वाचते. प्रत्येक लेखक म्हणजे एक ठिपका. दोघांनी मिळून निबंध लिहिला, की त्यांच्यामध्ये एक रेघ. मार्क न्यूमन यांनी २००१ साली लाखो निबंधांवरून असे नकाशे मांडले.

ज्याच्या रेघा जास्त तो प्रभावी, असं सहज वाटतं. पण शंभर लेखकांचा एकच निबंध प्रत्येकाला ९९ रेघा देऊन जातो, म्हणून न्यूमन यांनी लेखकसंख्या वाढेल तसं रेघेचं वजन कमी धरलं. मला दुवा साधणारी माणसं अधिक मोलाची वाटतात. लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये अशा माणसांचं माप दिलं: इतरांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटांपैकी किती त्यांच्यावरून जातात? २०२३ मध्ये मान्यता मिळालेली ‘नेक्सकार१९’ ही कर्करोगावरची पेशी-उपचारपद्धती अशाच दुव्यातून आली. प्रयोगशाळा पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांची, रुग्णांवरच्या चाचण्या टाटा स्मारकच्या डॉक्टरांच्या.

असा नकाशा काढताना खरी मेहनत नावांची. ‘एस. पाटील’ ही एक व्यक्ती की पाच? लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे तर दोन ठिपके होतात आणि तिचं काम विभागलं जातं. याचा मला मनापासून राग येतो. २०१२ पासून संशोधकांना ‘ऑर्किड’ हा कायमचा ओळख क्रमांक मोफत मिळतो. भेटणाऱ्या प्रत्येक विद्यार्थिनीला मी तो पहिल्या निबंधाआधीच काढायला लावते.