दोनशे लिटरच्या ड्रमातलं बेट

बोईसरहून तारापूर एमआयडीसीकडे जाताना भंगारवाल्यांकडे ड्रमांच्या चळती दिसतात. निळे प्लास्टिकचे, अधूनमधून गंजलेले लोखंडी, २०० लिटरचे. साधारण याच मापाच्या लोखंडी ड्रमातून त्रिनिदादने स्वतःचं वाद्य घडवलं, स्टीलपॅन.

आपली त्रिनिदादशी ओळख क्रिकेटची. १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनला वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. गावसकरांचा तो पहिलाच कसोटी सामना. पुढे लॉर्ड रिलेटर या तिथल्या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो रचलं. शाळेत मात्र परक्या बेटाची ओळख म्हणजे नकाशा, झेंडा, राजधानी. मुलं ती परीक्षेनंतर विसरतात, आणि बरोबरच करतात.

पॅनची गोष्ट बंदीपासून सुरू होते. १८८०च्या दशकात इंग्रज सरकारने आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या ढोलांवर निर्बंध आणले. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. १९३०च्या दशकात बिस्किटांचे डबे आले, रंगाचे डबे, गाड्यांचे ब्रेक ड्रमसुद्धा. पत्र्याला पोचा पडला की स्वर बदलतो, हे ठोकता ठोकताच कळलं. बेटावर तेलाचा धंदा, त्यात महायुद्धात अमेरिकी नौदलाचा तळ. ड्रमांना तोटा नव्हता. पॅन वाजवणारी पोरं तेव्हा वाया गेलेली समजली जात. १९९२ साली तेच राष्ट्रीय वाद्य जाहीर झालं!

करण्याची रीत पाहावी. ड्रमाचा बंद तळ घणाने ठोकून परातीसारखा खोल करायचा. त्यावर स्वरांच्या जागा आखून कडा उठवायच्या, ड्रम हवा तेवढा कापायचा, आगीवर तापवायचा. मग लहान हातोडीने एकेक स्वर लावायचा. मोठे, खर्जाचे स्वर काठाला; लहान, वरचे मधोमध. (इथला केमिकलचा ड्रम उचलून कोणी हा प्रयोग करू नये. आत काय होतं ते ठाऊक नसताना तो तापवणं जिवावर बेतेल.)

ही विद्या बेटाबाहेर गेली ती माणसांबरोबर. एली मॅनेट हे पॅन घडवणाऱ्या पहिल्या पिढीतले कारागीर. १९५१ साली लंडनला गेलेल्या वाद्यवृंदात ते होते. १९६७मध्ये ते अमेरिकेत गेले आणि पुढे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात पॅन घडवायला नि त्याचे स्वर लावायला शिकवू लागले. २०१८ साली वारले. त्रिनिदादमध्ये आजही शंभर-शंभर वादकांचे संघ कार्निव्हलच्या स्पर्धेसाठी लांबलचक रचना बसवतात, बऱ्याचदा समोर कागद न ठेवता, ऐकून आणि शेजाऱ्याचे हात बघून.

ऐकून-बघून शिकण्याची ही पद्धत बोईसरच्या पालघर जिल्ह्याला नवी नाही. वाळलेला दुधीभोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांतून तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य होतं. जव्हारकडच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या वादकांनी तो वडीलधाऱ्यांकडूनच उचलला. उद्या त्रिनिदादचा एखादा पॅन शिकवणारा बोईसरच्या शाळेत आलाच, तर त्याला प्रोजेक्टर देऊ नये. पॅन घेऊन मैदानात बसवावं, शेजारी तारपावाला बसवावा, आणि तो तास घंटेवर संपवू नये.