पोळलेले बालपण आणि मनाचा उपचार

दुधाने तोंड पोळले म्हणजे माणूस ताकही फुंकून पितो. बालपणी ज्याला मारझोड, अवहेलना किंवा याहून भीषण अत्याचार सोसावे लागले, तो प्रौढपणी मानसोपचारतज्ज्ञापुढे बसतो तेव्हा या म्हणीचा प्रत्यय येतो.

जबलपूरच्या सदर भागातील चाळिशीचा एखादा गृहस्थ कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. कित्येक वर्षांची खिन्नता. झोप नाही, कामात चित्त नाही. तो उपचाराला येतो, परंतु दोन भेटींनंतर मौन धरतो आणि तिसरी भेट चुकवतो. घरची माणसे म्हणतात, 'याला बरेच व्हायचे नाही.' वस्तुतः संवादाने होणाऱ्या उपचाराचे मुख्य साधन म्हणजे विश्वास. ज्या हाताने घास भरवला त्याच हाताने मारही दिला, असा ज्याचा अनुभव, त्याला विश्वास ठेवण्याचेच भय वाटते. त्याचे मौन हा हट्ट नव्हे; लहानपणी ज्या सावधपणाने त्याला तारले, तोच सावधपणा आता आड येत असतो.

असे बालपण विरळा नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुले होती; मध्य प्रदेश, महाराष्ट्र व गोवा ही राज्येही तीत होती. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचे आढळले, आणि घरात मारणारे बहुतांशी आईबापच होते.

मग अशांना उपचार लागू पडतो काय? २००३ साली अमेरिकेत जुनाट विषादाच्या ६८१ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील ज्यांचे बालपण आघातांत गेले होते, त्यांना केवळ औषधापेक्षा केवळ संवादोपचाराने अधिक गुण आला. तथापि २०१२ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून असे दिसले की, छळ सोसलेल्यांचा विषाद अधिक चिवट असतो आणि उपचारांना कमी दाद देतो. पुढे २०२२ मध्ये २९ प्रयोगांतील ६,८३० विषादग्रस्तांची माहिती एकत्र पडताळली गेली, तेव्हा या कोड्याचा उलगडा होऊ लागला. आघात सोसलेले रुग्ण अधिक गंभीर अवस्थेत येतात, परंतु उपचाराचा लाभ त्यांनाही इतरांइतकाच होतो. चार पायऱ्या खालून चढू लागलेला माणूस इतरांइतक्याच पायऱ्या चढला, तरी त्यांच्याहून खालीच दिसतो. म्हणून तो चढलाच नाही, असे म्हणता येत नाही.

यास्तव चुकलेली तिसरी भेट ही उपचाराची अखेर समजू नये. तज्ज्ञाने घाईने भूतकाळ उकरू नये, ठरल्या वेळी ठरल्या जागी भेटत राहावे; आणि घरच्यांनी त्या गृहस्थाला चौथ्या भेटीला पाठवावे.