गोगलगायीचे इन्सुलिन

गोगलगायी, शिंपले आदी मृदुकाय प्राण्यांना माणसासारखे स्वादुपिंड नसले, तरी इन्सुलिनच्या कुळातील संप्रेरके त्यांच्या शरीरातही तयार होतात आणि ती मुख्यतः चेतापेशी स्रवतात. ‘लिम्निया स्टॅग्नॅलिस’ या गोड्या पाण्यातील गोगलगायीच्या मेंदूत ‘फिकट हिरव्या पेशी’ नावाचा पेशीसमूह असून, त्यातून पाझरणाऱ्या अशा संप्रेरकावर तिच्या शरीराची व शंखाची वाढ अवलंबून असते. याहून विलक्षण, किंबहुना कपटी म्हणावा असा वापर ‘कोनस जिओग्राफस’ ही सागरी गोगलगाय करते: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिच्या विषातील इन्सुलिन हे माशांच्या इन्सुलिनशी मिळतेजुळते असून, त्यामुळे माशांच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते, ते सुस्तावतात आणि तिच्या पिशवीसारख्या पसरलेल्या तोंडात आयते सापडतात. मानवी इन्सुलिनचे रेणू सहा-सहांच्या गटाने साठवले जातात व सुटे झाल्यावरच कार्य करतात. गट बांधण्यास मदत करणारा साखळीच्या टोकाचा तुकडा विषातील इन्सुलिनात नसल्याने ते सुटेच राहते. याच तत्त्वावर मानवी इन्सुलिनचे आखूड, तरीही पूर्ण प्रभावी रूप संशोधकांनी २०२० मध्ये तयार केले.