यंत्राचे दुखणे

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर यंत्रमागांसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. निजामपुरा ही या शहरातील एक वस्ती होय. शहराच्या महानगरपालिकेलाही ‘भिवंडी-निजामपूर’ असेच जोडनाव आहे. येथे विणलेले कापड मालमोटारींतून दूरदूरच्या बाजारपेठांत जाते. जेथे माग आणि मोटारी सतत फिरत असतात, तेथे यंत्राचे दुखणे ओळखणारा कारागीर वैद्याइतकाच गरजेचा असतो. मोटारीच्या अशाच एका दुखण्याची आपण ओळख करून घेऊ.

मोटारीच्या इंजिनाशेजारी ‘अल्टरनेटर’ नावाचे एक लहान यंत्र असते. इंजिन एका पट्ट्याच्या साहाय्याने त्याची पुली फिरवते. पुलीबरोबर आतला चुंबकीय भाग, म्हणजे रोटर, फिरू लागतो आणि भोवतीच्या तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्यांत वीज निर्माण होते. हीच वीज दिव्यांना मिळते व बॅटरीत साठते. इंजिनाचा एक फेरा होतो तेवढ्यात रोटरचे दोन ते तीन फेरे होतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असले, तर रोटर ६,००० ते ९,००० फेरे घेतो! एवढ्या वेगाने फिरणाऱ्या दांड्याला दोन्ही टोकांशी बेअरिंगचा आधार असतो.

बेअरिंग म्हणजे एकात एक बसणारी पोलादाची दोन कडी. त्यांच्यामध्ये गुळगुळीत छर्रे असतात व ग्रीसचे वंगण भरलेले असते. जड पेटी जमिनीवरून ओढण्यापेक्षा तिच्याखाली गोल लाकडे घालून ढकलणे सोपे जाते. छर्ऱ्यांचे काम नेमके तेच. परंतु कालांतराने उष्णतेने ग्रीस सुकते, धूळ आत शिरते आणि कड्यांवर बारीक खड्डे पडतात. मग घरघर ऐकू येऊ लागते व इंजिनाच्या वेगाबरोबर तीही वाढते. दुर्लक्ष केल्यास एखादे दिवशी बेअरिंग जखडते आणि पट्टा तुटतो. पुष्कळ गाड्यांत हाच पट्टा इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवतो. भिवंडीहून नाशिककडे निघालेली गाडी रात्री कसारा घाटात अशी अडली, तर इंजिन तापते, दिवे मंदावतात आणि माणसांच्या जिवाला धोका निर्माण होतो.

अशा वेळी सबंध अल्टरनेटरच बदलावा, असे अनेकांना वाटते. परंतु आतले तांबे, चुंबक व कवच धडधाकट असून झिजलेले असते ते केवळ तळहातावर मावणारे एक बेअरिंग. छपराचे एक कौल फुटले म्हणून कोणी घर पाडत नाही!

कुशल कारागीर प्रथम दुखण्याचे मूळ शोधतो. इंजिन बंद करून तो पट्टा सोडवतो आणि पुली हाताने फिरवून पाहतो. बोटांना खरखर जाणवली किंवा दांडा डुगडुगला, तर दोष बेअरिंगचा असावा असे तो समजतो. नंतर बॅटरीची तार सोडवून तो अल्टरनेटर बाहेर काढतो. कवचाचे दोन्ही भाग पुन्हा जसेच्या तसे जुळावेत म्हणून त्यांवर आधी एक सरळ खूण करतो. मग पुली व रोटर काढून जुने बेअरिंग पुलरने ओढून घेतो.

बेअरिंगवर एक क्रमांक कोरलेला असतो. तो वाचता आला की अर्धे काम झाले! उदाहरणार्थ, ६२०३ या क्रमांकातील शेवटचे ०३ हे अंक १७ मिलिमीटर जाडीच्या दांड्यासाठी असतात. शेवटी ०४ असेल, तर त्याला ५ ने गुणावे. उत्तर येते २० मिलिमीटर.

नवे बेअरिंग बसवताना खरी कसोटी लागते. दांड्यावर चढवायचे असेल तर आतल्या कड्यावर दाब द्यावा. कवचात बसवायचे असेल तर बाहेरच्या कड्यावर. चुकीच्या कड्यावर हातोडा मारला, तर तो आघात छर्ऱ्यांतून जातो, कड्यांवर खळगे पडतात आणि नवे बेअरिंग एकही फेरा घेण्यापूर्वीच अधू होते.

तथापि प्रत्येक वेळी हा उपाय पुरा पडतोच असे नाही. गुंडाळी जळली असेल किंवा बेअरिंगची बैठक झिजून सैल झाली असेल, तर केवळ नवे बेअरिंग घालून भागत नाही. काय वाचवावे आणि काय टाकून द्यावे, हे ओळखणे हाही या विद्येचाच भाग आहे.

ही विद्या किती दूरवर पोहोचते, याचे एक उदाहरण कापडाच्याच धंद्यात सापडते. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचे अभियंते यंत्रांची देखभाल करीत असत. तेथील जमीन चिकणमातीची असल्याने इमारत हळूहळू हले, यंत्रांचे दांडे सरळ रेषेत राहत नसत आणि बेअरिंगे वारंवार बिघडत. ती नुसती बदलत राहण्यापेक्षा ती का बिघडतात, याचा विंगक्विस्ट यांनी विचार केला. दांडा किंचित तिरपा झाला तरी स्वतःला सावरून घेणारे बेअरिंग त्यांनी १९०७ मध्ये तयार केले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीचा कारखाना पुढे आपल्या पुण्याजवळ चिंचवड येथेही उभा राहिला.

बिघडलेली वस्तू टाकून देण्यास पैसा पुरतो. ती दुरुस्त करण्यास मात्र ज्ञान लागते. यंत्राची घरघर लक्षपूर्वक ऐकणे, ही त्या ज्ञानाची पहिली पायरी होय.